एका तबकडीवर दोन संसार
हार्डडिस्कच्या वाटणीत बांध कसा सरकवतात?

शेताचा बांध हा आपल्या मराठवाड्यात जिव्हाळ्याचा आणि तितकाच तंट्याचा विषय आहे. बांध कोणी सरकवला, किती सरकवला, मोजणी खरी की खोटी, यावरून भावाभावांत वर्षानुवर्षे बोलणे बंद असते. असाच एक बांध तुमच्या शाळेतील संगणकाच्या पोटातही असू शकतो. तो सरकवता येतो; पण कोणत्या क्रमाने सरकवावा हे ठाऊक नसेल तर एका बाजूचे सारे पीक नाहीसे होते. हे पीक म्हणजे तुमचे प्रकल्प, घरातील छायाचित्रे, शाळेचे निकालपत्रक.

हा प्रश्न आताच का निघाला? त्याचे असे झाले की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या पुरवण्याचे नेहमीचे काम थांबवले. पुढची विंडोज-११ अनेक जुन्या संगणकांवर बसत नाही, कारण तिला ठराविक नवे प्रोसेसर आणि सुरक्षेची एक वेगळी सोय लागते. यंत्र चांगले चालत असताना ते भंगारात का घालावे? म्हणून अनेक शाळांनी आणि घरांनी त्याच संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवले. लिनक्स ही फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली, विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली होय. केरळातील सरकारी शाळांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमातून तिचे पाठ मराठीतही तयार केले आहेत.

अशा संगणकावर सुरू करताना निवड करता येते : आज विंडोज की लिनक्स? सुरुवातीला मंडळी लिनक्सला थोडीच जागा देतात. चार-सहा महिन्यांत ती भरते, आणि विंडोजच्या बाजूला मात्र माळरान पडलेले असते. मग विद्यार्थी विचारतात, "सर, बांध थोडा सरकवता येईल का?" या पाठात या प्रश्नाचे उत्तर पाहू या.

तबकडी आणि तिचे गुंठे

हार्डडिस्क म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या, वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांचा संच. तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भागांच्या चुंबकनाची दिशा बदलून शून्य आणि एक या अंकांची नोंद होते. वाचणारे-लिहिणारे शीर्ष तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते.

जमीन मोजायला आपण गुंठा वापरतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. तबकडीचा गुंठा म्हणजे 'सेक्टर'. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. (अलीकडच्या तबकड्यांत आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण बहुतेक तबकड्या बाहेर ५१२ चाच हिशेब दाखवतात.) प्रत्येक सेक्टरला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक असतो. बाजारात '५०० जीबी' म्हणून मिळणाऱ्या डिस्कमध्ये साधारणपणे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. त्याला ५१२ ने गुणा. उत्तर येते ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट, म्हणजे सुमारे पन्नास हजार कोटी.

मग विंडोज तीच डिस्क ४६५ जीबीची का दाखवते? दुकानदाराने फसवले का? मुळीच नाही. कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार करून पाहा, ४६५.७६ येईल. वार आणि मीटर यांत जसा फरक, तसाच हा. या पाठात पुढे 'जीबी' म्हणजे हे दुसरे, मोठे माप समजावे. अशा १ जीबीत बरोबर २०,९७,१५२ सेक्टर असतात.

सातबारा कोठे ठेवतात?

एकाच तबकडीवर दोन कार्यप्रणाली नांदवायच्या तर जागेची वाटणी हवी. या वाटणीतील प्रत्येक हिश्श्याला 'पार्टिशन' किंवा विभाग म्हणतात. विभागांमध्ये कोणतीही भिंत नसते. तबकडी फोडून पाहिली तरी तुम्हाला रेघ दिसणार नाही. सीमा असते ती केवळ कागदोपत्री. आणि तो कागदही तबकडीवरच, अगदी सुरुवातीला ठेवलेला असतो. त्याला 'विभागतक्ता' म्हणू.

१९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांसाठी डॉसची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा हा तक्ता पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, ठेवण्याची पद्धत पडली. ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी. एका विभागाच्या नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणजे ६४ बाइटांत चारच नोंदी! चारपेक्षा जास्त भाऊ असतील तर एकाच्या नावावर जमीन करून त्यातच पोटहिस्से पाडायचे, अशी तजवीज पुढे करावी लागली. या पद्धतीला 'एमबीआर' म्हणतात. तिच्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट असतात. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टरांपलीकडची जमीन तिला मोजताच येत नाही. हे होतात सुमारे २.२ लाख कोटी बाइट.

आजच्या संगणकांत 'जीपीटी' ही नवी पद्धत असते. तिच्यात क्रमांकासाठी ६४ बिट असतात, साधारणपणे १२८ विभागांची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत तबकडीच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. शिवाय तक्त्यात कोठे खाडाखोड झाली तर ती उघडकीस आणणारी बेरीजही नोंदलेली असते. तलाठ्याकडचा कागद भिजला तरी तालुक्याला नक्कल असावी, तसेच हे.

नमुना सात आणि नमुना बारा

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. सातबारा हा खरे पाहता दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाची आणि किती. गाव नमुना बारा सांगतो की तिच्यात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे. तबकडीवरही असेच दोन दप्तर असतात.

विभागतक्ता हा नमुना सात. "अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत विंडोजचा विभाग" एवढेच तो जाणतो. आत काय पेरले आहे याची त्याला खबर नसते.

प्रत्येक विभागाच्या आत त्याचा स्वतःचा नमुना बारा असतो. त्याला 'फाइल-व्यवस्था' म्हणतात. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे, मोकळी जागा कोठे आहे, आणि आपले एकूण क्षेत्र किती, हे सारे तिथे लिहिलेले असते. विंडोजच्या फाइल-व्यवस्थेचे नाव एनटीएफएस. ती १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्समध्ये बहुधा ईएक्सटी-४ असते. ती २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून जाहीर झाली. या दोघींची दप्तरे लिहिण्याची रीत अगदी वेगळी आहे.

लक्षात घ्या, क्षेत्रफळाची नोंद दोन्ही ठिकाणी आहे, बाहेरच्या तक्त्यात आणि आतल्या दप्तरातही. विभाग लहान-मोठा करायचा म्हणजे या दोन्ही नोंदी बदलायच्या, आणि त्या कधीही एकमेकींशी भांडणार नाहीत अशा क्रमाने बदलायच्या.

एक उदाहरण

समजा, लातूरजवळच्या एका शाळेतील संगणकावर पुढीलप्रमाणे वाटणी आहे. पहिला १ जीबी संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठी. १ पासून ४०१ जीबीपर्यंत विंडोज, म्हणजे ४०० जीबी. ४०१ पासून ४६१ पर्यंत लिनक्स, म्हणजे ६० जीबी. उरलेली थोडी जागा विंडोजच्या दुरुस्ती-विभागाची. विंडोजमध्ये प्रत्यक्ष माल १५० जीबीच आहे. लिनक्समध्ये ६० पैकी ५६ भरले आहेत. आपल्याला विंडोजकडून ४० जीबी घेऊन लिनक्सला द्यायचे आहेत.

पहिली पायरी विंडोज लहान करण्याची. जीपीटी तक्त्यात विंडोजच्या विभागाची सुरुवात सेक्टर २०,९७,१५२ आणि शेवट सेक्टर ८४,०९,५७,९५१ असा लिहिलेला आहे. ४० जीबी म्हणजे ८,३८,८६,०८० सेक्टर. वजाबाकी केली की नवा शेवट ७५,७०,७१,८७१ येतो. तक्त्यात बदल हवा तो एवढाच, एका आकड्याचा. सेकंदाचेही काम नाही!

पण थांबा. विंडोजच्या मालापैकी एखादी फाइल ३९० व्या जीबीत बसलेली असेल तर? माल १५० जीबी असला तरी तो सलग सुरुवातीलाच असतो असे नाही. फाइली येतात, पुसल्या जातात, नव्या येतात. त्यामुळे माल सगळ्या शेतभर विखुरलेला असतो. आपण आधी तक्त्यातील आकडा बदलला, तर ती फाइल सीमेबाहेर पडली. आतले दप्तर म्हणते, "माझे क्षेत्र ४०० जीबी." बाहेरचा तक्ता म्हणतो, "३६०." मग त्या मोकळ्या दिसणाऱ्या ४० जीबीत लिनक्सने काही लिहिले की विंडोजची फाइल कायमची गेली.

म्हणून आधी आतले काम करायचे. ३६१ व्या जीबीपलीकडे असलेल्या फाइलींची अलीकडे नक्कल करायची, दप्तरात नवी जागा लिहायची, आणि मगच जुनी जागा मोकळी म्हणून नोंदवायची. सगळा माल अलीकडे आला की दप्तरातील क्षेत्र ३६० करायचे, आणि शेवटी बाहेरच्या तक्त्यातील आकडा बदलायचा. विभाग मोठा करताना याच्या नेमके उलट : आधी तक्त्यात सीमा पुढे न्यायची, मग आतल्या दप्तराला वाढीव क्षेत्र सांगायचे.

हा नियम वहीत लिहून ठेवा :

लहान करताना आधी आतले, मग बाहेरचे.
मोठे करताना आधी बाहेरचे, मग आतले.

दोन्ही वेळा आतले दप्तर जेवढे क्षेत्र सांगते त्यापेक्षा बाहेरची सीमा कधीही आखूड होत नाही, हे या नियमातील मर्म आहे.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विभाग लहान करण्याचे साधन विंडोजमध्येच मिळते. त्याचे नाव 'डिस्क मॅनेजमेंट'. मात्र २५० जीबी मोकळे असूनही ते कधी कधी "३० जीबीच देता येतील" असे सांगते. कारण काही फाइली चालू विंडोजला जागच्या हलवता येत नाहीत. स्मृतीची उसनवारी ठेवणारी पेज-फाइल, संगणक झोपवताना लिहिली जाणारी फाइल, आणि एनटीएफएसच्या दप्तराचे काही भाग, ही शेतातील विहीर आणि झाडे समजा. त्यांतील एखादी बांधाजवळ असली की सीमा तिथेच अडते. पहिल्या दोन फाइली तात्पुरत्या बंद करून संगणक पुन्हा सुरू केला की बरेचदा वाट मोकळी होते.

बांध हलवणे आणि गाव हलवणे

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे क्षेत्र विभागून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या दोन्ही वेळा कोणतेही गाव किंवा कोणत्याही महाविद्यालयाची इमारत जागची हलली नाही. बदलली ती दप्तरातील नोंद. पण पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण झाले, तेव्हा नाथसागराच्या पाण्याखाली जाणारी गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. पहिले काम सीमा बदलण्याचे, दुसरे गाव हलवण्याचे. दोहोंच्या कष्टांत आणि जोखमीत किती अंतर आहे, हे सांगायला नको.

तबकडीवरही तसेच आहे. विंडोजकडून घेतलेली मोकळी जागा कोठे आहे पाहा. ती ३६१ ते ४०१ या पट्ट्यात, म्हणजे लिनक्सच्या डावीकडे आहे. विभागाचा शेवट उजवीकडे न्यायचा असता तर काम सोपे होते. तक्त्यात आकडा बदला आणि दप्तराला कळवा. पण इथे लिनक्सची सुरुवातच डावीकडे न्यायची आहे. ईएक्सटी-४ चे दप्तर सगळे क्रमांक विभागाच्या सुरुवातीपासून मोजते. पहिला मैलाचा दगड हलला की पुढचे सगळे मैल चुकतात. म्हणून लिनक्सचा आख्खा विभाग उचलून ४० जीबी डावीकडे नेऊन ठेवावा लागतो. हे गाव हलवणे झाले.

किती वेळ लागेल?

आता थोडे भौतिकशास्त्र. ६० जीबी म्हणजे ६४,४२,४५,०९,४४० बाइट. तबकडी सेकंदाला १० कोटी बाइट वाचते आणि तेवढेच लिहिते असे धरू. वाचायला ६४४ सेकंद, लिहायला ६४४ सेकंद. एकूण १२८८ सेकंद, म्हणजे साधारण साडेएकवीस मिनिटे.

पण वाचायची जागा आणि लिहायची जागा वेगवेगळी आहे. शीर्षाला दर खेपेस इकडून तिकडे जावे लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. एका खेपेस ढोबळमानाने १५ मिलिसेकंद धरा. दर तुकड्यामागे अशा दोन खेपा : एक वाचायला, एक लिहायला. तुकडा १० लाख बाइटचा घेतला तर सुमारे ६४,४०० तुकडे होतील, आणि नुसत्या येण्याजाण्यात १९३० सेकंद, म्हणजे बत्तीस मिनिटे जातील! कामापेक्षा हेलपाटेच जास्त. तुकडा सोळापट मोठा घेतला तर हेलपाट्यांचा वेळ दोन मिनिटांवर येतो. म्हणूनच हे काम करणारे चांगले प्रोग्रॅम एका खेपेस मोठा ढीग उचलतात. आधीची आणि नंतरची तपासणी धरून तास-दोन तासांची तयारी ठेवावी.

एसएसडी प्रकारच्या साठवणीत फिरणारी तबकडी आणि शीर्ष दोन्ही नसतात, त्यामुळे हे हेलपाटे वाचतात. पण नियम तेच राहतात, कारण विभागतक्ता आणि दप्तर तिथेही तसेच असते.

मध्येच वीज गेली तर?

हा प्रश्न आपल्या भागात कोणी हसण्यावारी नेऊ नये. वैशाखात वादळ उठले की वीज जाते, हे नांदेड-लातूरच्या मुलांना सांगायला नको. काय होईल ते क्रमाने पाहू.

लिनक्सचा माल ४०१–४६१ या जागेतून ३६१–४२१ या जागेत जायचा आहे. जुनी आणि नवी जागा ४०१ ते ४२१ या २० जीबींत एकमेकींवर येते. डावीकडे सरकवताना नक्कल डाव्या टोकापासून सुरू करतात. पहिले ४० जीबी (४०१–४४१) मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे ३६१–४०१ मध्ये उतरतात. इथवर जुन्या जागेतील एकही बाइट पुसलेला नाही. या टप्प्यात वीज गेली तर जुना विभाग जसाच्या तसा उभा असतो. तक्ता जुन्या सीमेवर परत आणला की काम भागते.

आता उरलेले २० जीबी (४४१–४६१) ४०१–४२१ मध्ये लिहायचे. इथे जुन्या मालाच्या पहिल्या भागावर नवे लेखन होते. या टप्प्यात वीज गेली तर जुनी जागा सुरुवातीला खराब झालेली आणि नवी जागा शेवटी अपुरी. माल सगळा तबकडीवर कोठे ना कोठे आहे, पण "इथून इथवर" असे सांगणारी कोणतीही एक सीमा आता खरी नाही. जाणकाराला तो जोडता येईलही. शाळेत मात्र ते गेलेच म्हणायचे. धोका कामाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात आहे, हे गणितानेच दाखवले.

गाव न हलवता

इतका खटाटोप टाळता येईल का? येईल. लिनक्सची एक सोय अशी की वेगळा विभाग तिच्या फोल्डरांच्या झाडाला फांदीसारखा जोडता येतो. विंडोजकडून मिळालेल्या ४० जीबींत नवा विभाग करा, त्यात ईएक्सटी-४ घाला, आणि विद्यार्थ्यांच्या फाइलींचे 'होम' फोल्डर तिकडे न्या. नक्कल करा, नक्कल उघडून पाहा, आठ दिवस वापरा, मगच मूळ पुसा. जुना विभाग जागचा हललेला नाही. वीज गेली तर पुन्हा नक्कल करायची, इतकेच. तोटा एवढाच की ६० आणि ४० अशा दोन वेगळ्या वाड्या राहतात. एकीतील मोकळी जागा दुसरीला आपोआप मिळत नाही. बहुतेक शाळांना हा मार्ग पुरेसा आहे, आणि माझ्या मते तोच आधी विचारात घ्यावा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम

हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, घाई नसेल अशा दिवशी करावे.

१. सर्व महत्त्वाच्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे. घेतलेल्या नकलेतील पाच-सहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

२. विंडोजचा विभाग 'बिटलॉकर'ने कुलूपबंद आहे का ते पाहा. असल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवा आणि काम होईपर्यंत ते संरक्षण स्थगित करा.

३. विंडोज-८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि तिचे दप्तर उघडेच राहते. ती सोय बंद करून संगणक पूर्ण बंद करा. पुन्हा सुरू करून डिस्कची तपासणी करा.

४. विंडोजचा विभाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. त्यानंतर विंडोज एकदा नीट सुरू होते का ते पाहा. घराचे दार घरधन्यानेच उघडावे हे बरे.

५. लिनक्सचे काम लिनक्स चालू असताना करू नका; बसलेली फांदी तोडू नये. पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करा आणि 'जीपार्टेड' हा प्रोग्रॅम उघडा. हा विनामूल्य प्रोग्रॅम २००४ पासून उपलब्ध आहे. तो डिस्कची वाटणी रंगीत पट्ट्यांत दाखवतो. शेवटचा होकार देईपर्यंत तो तबकडीवर काहीही लिहीत नाही. म्हणून होकारापूर्वी यादी दोघांनी मोठ्याने वाचावी.

६. विभागांची सुरुवात १ मेबीच्या, म्हणजे २०४८ सेक्टरांच्या पटीत राहू द्या. जीपार्टेड ते आपोआप करतो. त्यामुळे ४०९६ बाइटचे खरे सेक्टर अर्धे इकडे अर्धे तिकडे पडत नाहीत.

७. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून शिवाय तार जोडा. मेजावरचा संगणक असेल तर यूपीएस हवाच. आणि तो तासभर टिकणार नसेल तर विभाग हलवण्याचा मार्ग सोडून वर सांगितलेला नव्या विभागाचा मार्ग घ्या.

८. काम संपल्यावर दोन्ही कार्यप्रणाली सुरू करून पाहा. निवडीचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला 'ग्रब' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या संगणकांत विभाग हलवल्यावर तो कधी कधी वाट चुकतो. घाबरू नका, फाइली शाबूत असतात. पेनड्राइव्हवरील लिनक्समधून ग्रब पुन्हा बसवता येतो.

स्वाध्याय

१. दुकानातील २५० जीबीची डिस्क विंडोज किती जीबीची दाखवील?

२. एमबीआर पद्धतीत सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा मानला, तर डिस्कची मर्यादा किती पट होईल?

३. आपल्या उदाहरणात लिनक्सचा विभाग ४० ऐवजी ७० जीबी डावीकडे न्यायचा असता, तर नक्कल चालू असताना वीज जाण्याचा धोका वाढला असता की कमी झाला असता?

४. विभाग थोडासा उजवीकडे सरकवायचा असेल, तर नक्कल कोणत्या टोकापासून सुरू करावी? वर्गातील बाकांवर दहा मुले ओळीने बसवून आणि सगळ्यांना तीन जागा उजवीकडे सरकवून हे पडताळा. मात्र कोणीही दुसऱ्याच्या मांडीवर बसता कामा नये!

उत्तरे : १) सुमारे २३२.८ जीबी. २) आठपट, म्हणजे सुमारे १७.६ लाख कोटी बाइट. ३) कमी झाला असता. विभाग ६० जीबीचा आहे आणि तो त्याहून जास्त अंतर सरकतो, म्हणून जुनी व नवी जागा एकमेकींवर येत नाही आणि नक्कल पूर्ण होईपर्यंत जुना माल सुरक्षित राहतो. ४) उजव्या टोकापासून.